इस्लामच्या इतिहासाचं एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं?

फोंड्याची साफा मशीद, जुन्या गोव्यात उरलेली आदिलशाही वाड्याची कमान आणि पणजीत मांडवीकाठचं जुनं सचिवालय ज्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे, त्याने इस्लामचा इतिहास वाचायला घेतला की एक अडचण हमखास येते. पुस्तक मक्केहून निघतं, दमास्कसला जातं, बगदादला पोचतं आणि तिथे बराच काळ मुक्काम करतं. १२५८ साली हुलागूची मंगोल फौज बगदाद घेते, खलिफा मुस्तासिम मारला जातो आणि त्यानंतर पुस्तकाला एकदम घाई होते. पुढची पाच शतकं भराभर आटोपून ते १७९८ मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तच्या किनाऱ्याला लागतं. आपल्या गोव्याच्या भूमीचा मुसलमानी सत्तांशी जो काही संबंध आला, तो जवळजवळ सगळा याच पाच शतकांतला आहे.

इतरांना ही गोष्ट कदाचित एवढी टोचणार नाही. मला टोचली, आणि माझी निवड शेवटी तिच्यावरच ठरली. पैगंबरांचं चरित्र, पहिले चार खलिफा, शिया-सुन्नी फूट, उमय्या आणि अब्बासी ही खलिफांची घराणी, एवढी ओळख तुम्हाला आहे असं धरून पुढचं लिहितो. ज्यांना सगळा पट एका ठिकाणी हवा आहे आणि चवथीला घरी द्यायचे पैसे बाजूला काढल्यावर एकच पुस्तक परवडणार आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

लोकांच्या तोंडी चार नावं असतात: कॅरन आर्मस्ट्राँग, तमीम अन्सारी, आयरा लपिडस आणि मार्शल हॉजसन. पाचवं नाव आल्बर्ट हौरानी यांचं. त्यांचं १९९१ चं अरब समाजांच्या इतिहासावरचं पुस्तक फार सुंदर आहे, पण त्यांनी स्वतःच क्षेत्र अरबीभाषक मुलखापुरतं ठेवलं आहे. इराण नाही, तुर्कस्तान नाही, मग हिंदुस्थान कुठून असणार? कैरो, फेज, दमास्कस ही शहरं आतून कशी चालत हे जाणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. आपला प्रश्न वेगळा आहे, म्हणून त्यांना इथेच नमस्कार.

आर्मस्ट्राँग यांचं ‘इस्लाम: अ शॉर्ट हिस्ट्री’ २००० सालचं. लेखिका एके काळी कॅथलिक नन होत्या. श्रद्धा माणसाच्या रोजच्या जगण्यात काय करते हे त्यांना आतून कळतं आणि ते पानापानावर दिसतं. पुस्तकाच्या सुरुवातीला मोठी कालपट्टी आहे, ती फार उपयोगी. ज्याने या विषयाला कधी हातच लावला नाही त्याला मी अजूनही हेच देईन. पण तुम्ही वरची ओळख घेऊन आला असाल तर पहिला अर्धा भाग उजळणीसारखा वाटेल, आणि जिथून तुमचं कुतूहल सुरू होतं तिथून पुस्तक धावत सुटेल. पुस्तक छोटं आहे, त्याचा दोष लेखिकेला देणं बरोबर नाही. माझी गरज मात्र त्यात भागली नाही.

अन्सारी यांचं ‘डेस्टिनी डिसरप्टेड’ (२००९) हातात घेतल्यावर खाली ठेवणं कठीण. जन्म काबूलचा, आयुष्य अमेरिकेत. तिथल्या शाळांसाठी जगाच्या इतिहासाचं क्रमिक पुस्तक तयार करताना इस्लामच्या वाट्याला किती थोडी पानं येतात हे त्यांनी पाहिलं, आणि या पुस्तकाचा विचार तिथून सुरू झाला. मुसलमान माणूस जगाचा इतिहास सांगायला बसला तर तो कुठून सुरू करेल, कुठे थांबेल, कशाला पराभव म्हणेल, हे ते गोष्ट सांगितल्यासारखं सांगतात. अब्बासी काळातले पंडित, तत्त्वज्ञ आणि सूफी यांच्यावरचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. घरात कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर हेच पुस्तक टेबलावर ठेवावं. माझी अडचण तीच जुनी: मंगोलांनंतर ऑटोमन, सफवी आणि मुघल असे तिन्ही साम्राज्यांचे संसार एका प्रकरणात मांडले जातात. हिंदुस्थान म्हणजे मुघल. बहमनी, आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही यांची वाट पाहत मी पानं उलटत राहिलो आणि एकोणिसावं शतक उजाडलं.

आता माझ्या या एका तक्रारीला मी एवढं महत्त्व का देतो ते सांगायला हवं. १३४० च्या दशकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता या किनाऱ्यावर आला. त्याच्या प्रवासवर्णनातलं सिंदाबूर म्हणजे गोवा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. होन्नावरचा सुलतान जमालुद्दीन याने सिंदाबूरवर आरमार घेऊन स्वारी केली, त्या स्वारीत इब्न बतूता स्वतः होता. बेटावर दोन नगरं आहेत, एक जुनं आणि एक मुसलमानांनी वसवलेलं, आणि त्या दुसऱ्या नगरात बगदादच्या मशिदींच्या तोडीची एक मोठी मशीद आहे, असं तो लिहितो. १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गावान याने गोवा विजयनगरच्या हातून घेतला. हा गावान कास्पियन समुद्राकाठच्या गिलानचा, व्यापाराच्या निमित्ताने दख्खनमध्ये आलेला. बिदरला त्याने बांधलेला मदरसा आजही अर्धामुर्धा उभा आहे. बहमनी राज्य फुटल्यावर गोवा विजापूरच्या युसूफ आदिलखानाकडे आला. युसूफ १५१० मध्ये वारला, गादीवर त्याचा अल्पवयीन मुलगा इस्माईल बसला, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने शहर दुसऱ्यांदा जिंकून तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. फोंडा मात्र आदिलशाहीतच राहिला. साफा मशीद १५६० ची मानतात, म्हणजे पोर्तुगिजांना तिसवाडीत बसून पन्नास वर्षं झाल्यावरची.

या सगळ्यातून मला पडलेले प्रश्न साधे आहेत. मोरोक्कोच्या तांजियेरचा माणूस दिल्लीत काझी होतो, नंतर मालदीवमध्येही काझी होतो, हे शक्य कसं झालं? गिलानचा व्यापारी बिदरला वजीर कसा बनतो? होर्मुझहून घोडे भरून येणारी जहाजं गोव्याला लागत आणि ते घोडे विजयनगर आणि दख्खनच्या सुलतानांच्या फौजांत जात, तो व्यवहार कुणाच्या भरवशावर चाले? सुन्नी शरियतच्या पंथांपैकी कोकणपट्टीतले बरेच मुसलमान शाफई पंथाचे आणि उत्तरेतले बहुतांश हनफी, हे असं का? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर बगदादच्या खलिफांच्या वंशावळीत नाही. खलिफाची सत्ता गेल्यानंतरही जो समाज मोरोक्कोपासून जावापर्यंत एकमेकांना ओळखत होता, त्या समाजाच्या घडणीत ते आहे. बगदाद पडलं म्हणजे वैभव संपलं, असं जी पुस्तकं नकळत सुचवतात ती आपल्याला आपला गावच समजू देत नाहीत.

म्हणून दुकानात किंवा पणजीत पाटोच्या वाचनालयात पुस्तक हातात घेतलंत तर एवढंच करा. १२५८ ज्या पानावर येतं ते पान शोधा आणि तिथपासून १८०० सालापर्यंत किती जाडी आहे ते बोटांत धरून बघा. मी सगळी पुस्तकं अशीच जोखली. ही शास्त्रीय पद्धत नव्हे, पण माझ्यापुरता तिने दगा दिला नाही.

या कसोटीला दोनच पुस्तकं उतरतात.

लपिडस यांचं ‘अ हिस्टरी ऑफ इस्लामिक सोसायटीज’ केंब्रिजने १९८८ मध्ये काढलं, नंतर सुधारलेल्या आवृत्त्याही आल्या. जाडजूड ग्रंथ आहे, टेबल असल्याशिवाय वाचता येत नाही. दहाव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत इस्लाम जगभर कसा पसरला यासाठी त्यांनी स्वतंत्र मोठा भाग ठेवला आहे: इराण, तुर्कस्तान, अरब देश, हिंदुस्थान, इंडोनेशिया, आफ्रिका असा प्रदेशवार. लेखक शांत आहे, कुणाची बाजू घेत नाही, उलेमा म्हणजे धर्मपंडित, सूफी आणि राज्यसंस्था यांचं नातं प्रत्येक ठिकाणी तपासतो. शिक्षकाला, स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला, पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या गाइडला याच्याइतका आधार दुसरा नाही. हवा तो प्रदेश काढा, हवं ते शतक गाठा.

तरीही सलग वाचताना मला काहीतरी निसटत राहिलं. प्रदेश बदलला की काळाचा काटा मागे जातो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. महमूद गावान इराणच्या प्रकरणातून निघतो आणि हिंदुस्थानच्या प्रकरणात पोचेपर्यंत मधला समुद्र गळून पडतो. आपलं गाव तर त्या समुद्रावरच उभं राहिलं. कोश म्हणून लपिडस पहिल्या क्रमांकावर, हे मी आनंदाने मान्य करतो.

हॉजसन यांचं ‘द व्हेंचर ऑफ इस्लाम’ तीन खंडांचं. लेखक शिकागो विद्यापीठात शिकवत, १९६८ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी गेले, आणि हे पुस्तक १९७४ मध्ये त्यांच्या मागे छापून आलं. त्याचे दोष आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. वाक्यं लांबलचक. रूढ शब्द पुरत नाहीत म्हणून लेखकाने स्वतःचे नवे पारिभाषिक शब्द घडवले आहेत आणि पहिल्या खंडाची प्रदीर्घ प्रस्तावना त्यांच्या समर्थनात जाते. तिसऱ्या खंडाच्या शेवटाला लेखकाचा अखेरचा हात फिरलेला नाही, हे जाणवतं. त्यांची नजर मुख्यतः नाईल ते मध्य आशियातली अमूदर्या नदी या पट्ट्यावर आहे. गोवा त्यात शोधू नका, दख्खनही मोजकंच आहे.

मग तरीही हॉजसन का? कारण त्यांनी तीन खंडांपैकी मधला सबंध खंड ९४५ ते १५०३ या काळाला दिला आहे. १२५८ हे साल त्या खंडाच्या मध्यावर येतं, शेवटाला नाही. बाकीचे जिथे दिवे मालवतात तिथे यांचं काम ऐन रंगात असतं. खलिफाचा वचक संपल्यावर समाज कशाने एकत्र राहिला, या प्रश्नाला ते भिडतात: शरियतचं शिक्षण सगळीकडे जवळपास सारखं, सूफी तरीके म्हणजे गुरुपरंपरा देशोदेशी पसरलेल्या, शहरात स्थानिक प्रतिष्ठितांचं वजन आणि किल्ल्यात अमिराची फौज. राजे बदलत राहिले तरी ही वीण टिकली. ते वाचताना इब्न बतूताला गावोगाव नोकरी का मिळे हे मला पहिल्यांदा उमगलं. फार्सी ही केवळ इराणची भाषा न राहता अर्ध्या आशियाच्या दरबारांची भाषा कशी झाली, हेही त्यांनीच ठामपणे मांडलं. आजच्या दख्खनच्या अभ्यासकांनी तो धागा पुढे नेला आहे. रिचर्ड ईटन यांचं २०१९ चं ‘इंडिया इन द पर्शिएनेट एज’ त्याच वाटेवरचं.

हॉजसन यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ते क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते, ते लपवत नाहीत, आणि आपल्या श्रद्धेमुळे आपली नजर कुठे तिरपी होऊ शकते हे सुरुवातीलाच लिहून ठेवतात. चर्च, देऊळ आणि मशीद एकाच रस्त्यावर असलेल्या गावात राहणाऱ्या वाचकाला या प्रामाणिकपणाची किंमत कळते.

तिन्ही खंड सुटे मिळतात, आणि इथे माझी शिफारस थोडी उलटी आहे: पहिल्याऐवजी दुसरा आधी घ्या. तुमची सुरुवातीच्या तीन शतकांची ओळख आहेच. शब्दांसाठी अडलात तर पहिल्या खंडाची प्रस्तावना ग्रंथालयात बसून वाचता येईल. पहिली शंभरेक पानं जड जातील, तेवढा धीर ठेवावा लागतो. तो ठेवायची इच्छा नसेल, किंवा दिवसभराच्या कामानंतर रात्री अर्धा तासच मिळत असेल, तर अन्सारी घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

मराठीतून वाचायचं असेल तर साने गुरुजींचं ‘इस्लामी संस्कृती’ आहे. अरबस्तानची पार्श्वभूमी आणि पैगंबरांचं चरित्र त्यांनी ज्या जिव्हाळ्याने लिहिलं आहे तसं कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. पण तो आरंभाचा भाग झाला. पुढच्या काळासाठी सेतुमाधवराव पगडींचं सूफी संप्रदायावरचं पुस्तक मिळालं तर सोडू नका. फार्सी साधनं स्वतः वाचणारा मराठी माणूस बोलतो आहे, हे ओळीओळीत कळतं.

आणि हॉजसनचा दुसरा खंड पचला की त्याला जोडून ईटन यांचं ‘सूफीज ऑफ बिजापूर’ (१९७८) घ्या. १३०० ते १७०० या चारशे वर्षांतले विजापूरचे सूफी त्यात आहेत: कुणी दरबाराजवळचे, कुणी दरबारापासून फटकून राहिलेले, कुणी तलवार घेतलेले. त्यातच दखनी बोलीतल्या चक्कीनाम्यांवर लिहिलं आहे, बायका जात्यावर दळताना म्हणत ती सूफी गीतं. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ती प्रकरणं दुसऱ्या कुणी समजावून सांगावी लागणार नाहीत. साफा मशीद ज्या राज्यात उभी राहिली त्या राज्यातली साधी माणसं मला तिथे भेटली, आणि हॉजसन आधी वाचलेला असल्यामुळे ती कुठून आली हेही कळलं.