हाडांच्या स्कॅनसाठी टेक्नेशियम की फ्लोराइड?

प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे वडिलांचे हाडांचे स्कॅन नाशिकमध्येच, पण दोन वेगळ्या केंद्रांत आणि दोन वेगळ्या किरणोत्सारी औषधांनी झाले: आधी टेक्नेशियम-९९एम एमडीपी (किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलेले, हाडात साठणारे संयुग) देऊन गॅमा कॅमेऱ्यावर आणि पुढे फ्लोरिन-१८ चे सोडियम फ्लोराइड देऊन पेट-सीटीवर (औषधाचे किरण टिपणारे पेट आणि क्ष-किरणांचे सीटी एकत्र असलेले यंत्र).

एमडीपीचे इंजेक्शन दिल्यावर तीनेक तास थांबावे लागते, कारण औषध हाडातल्या खनिजाला चिकटून रक्तात उरलेला भाग लघवीवाटे निघून जायला तेवढा वेळ जातो. त्या काळात भरपूर पाणी प्यायचे आणि कॅमेऱ्याखाली जाण्यापूर्वी लघवी करून यायचे. मूत्राशय भरलेले राहिले तर कटीची हाडे त्याआड झाकली जातात. फ्लोराइड रक्तातून हाडात झपाट्याने जाते, त्यामुळे तासाभरात स्कॅन सुरू झाला आणि मणक्यांच्या प्रतिमा कितीतरी रेखीव आल्या. मात्र त्या केंद्राने रुग्णाला उपाशीपोटी बोलावले होते. ती अट एफडीजी या दुसऱ्या, ग्लुकोजसदृश औषधाच्या पेट स्कॅनची. फ्लोराइडला तिची गरज नसते, आणि मधुमेही माणसाला ती विनाकारण भोगावी लागली.

महाग म्हणून नवे समजले जाणारे फ्लोराइडच खरे तर जुने आहे. ते १९६२ पासून माहीत आहे, तर एमडीपी १९७५ चे. फ्लोरिनचे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण तेव्हाच्या कॅमेऱ्यांना नीट पकडता येत नसत, टेक्नेशियमचे १४० चे सहज पकडता येत, म्हणून फ्लोराइड मागे पडले आणि पेट यंत्रांमुळे परतले. शिवाय टेक्नेशियमचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तासांचे असून ते जनरेटरमधून (मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम देणाऱ्या छोट्या उपकरणातून) केंद्रातच काढता येते. फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रात बनते आणि त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटेच. मुंबईहून निघालेल्या मात्रेला कसारा घाटातल्या कोंडीसह पावणेचार तास लागले, तर हाती जेमतेम पाव हिस्सा उरतो.

फ्लोराइडच्या प्रतिमेत झिजलेले गुडघे आणि कंबरेचे मणकेही ठळक उजळले होते, आणि सोबतच्या सीटीमुळेच ती झीज असल्याचे डॉक्टरांना ठरवता आले. त्यामुळे पहिल्या तपासणीला एमडीपी पुरेसे आहे. त्यात एखादी जागा संशयास्पद राहिली तरच फ्लोराइडचा खर्च करावा, असे माझे मत झाले आहे. रिपोर्ट दोन्हीकडे वेळेत मिळाले, प्रतिमांची सीडी मात्र मागून घ्यावी लागली.