नववीसाठी काय निवडावं: व्याख्यान, तास की समुपदेशक?

नववीतल्या एका मुलीनं मधल्या सुट्टीत मला विचारलं होतं, “टीचर, तो मारत नाही. फक्त दर तासाला कुठे आहेस म्हणून विचारतो, आणि इन्स्टाचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. हे चालतं ना?” प्रेमसंबंधातली हिंसा रोखायला शाळेनं काय करावं, असं गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडचे पालक-शिक्षक संघ विचारतात तेव्हा मी प्रत्येक पर्यायाला एकच कसोटी लावते: या मुलीला तिथे तोंड उघडता येईल का?

व्याख्यानात येणार नाही. वर्षातून एकदा वकील किंवा पोलीस अधिकारी येतात, आठवी ते दहावी सभागृहात बसतात, पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) आणि 1098 ही मुलांची हेल्पलाइन सांगून होतं, आभार मानले जातात. खर्च नाही, वेळापत्रकही हलत नाही. कायदा कळतो, तेवढ्यापुरतं ते ठेवाच. पण दीडशे मुलांसमोर असला प्रश्न विचारायला कोण हात वर करणार?

वर्षभर घेतलेल्या तासांचं वेगळं आहे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ‘फोर्थ आर’ हा 21 तासांचा अभ्यासक्रम 20 शाळांमध्ये तपासला गेला. प्रशिक्षण घेतलेले शाळेचेच शिक्षक नववीला तो शिकवत. अडीच वर्षांनी, जोडीदारावर हात उचलल्याचं सांगणारी मुलं या शाळांत 7.4 टक्के निघाली, तर नेहमीचेच तास झालेल्या शाळांत 9.8 टक्के. फरक मुख्यतः मुलग्यांमध्ये दिसला. यात मला महत्त्वाचा वाटतो तो सराव. दोघांनी समोरासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणायचं आणि ‘नाही’ ऐकून घ्यायचं. हे दुसरं आपण मुलग्यांना कुठेच शिकवत नाही. तिनं बोलणं बंद केलं की तिच्या ट्यूशनबाहेर उभं राहणं म्हणजे प्रेम, असंच त्यांना वाटत असतं.

आपल्याकडचं उदाहरण ‘जेम्स’ या मुलगा-मुलगी समानता शिकवणाऱ्या शालेय कार्यक्रमाचं. 2008 मध्ये मुंबई, कोटा आणि गोवा इथल्या शाळांत तो सुरू झाला. मुंबईच्या 45 पालिका शाळांत सहावी-सातवीवर तपासणी झाली. नुसती मोहीम राबवलेल्या शाळांपेक्षा मोहिमेसोबत गटचर्चेचे तास घेतलेल्या शाळांत मुलांचे विचार जास्त बदलले. वयही नेमकं निवडलं होतं, प्रकरणं सुरू होण्याआधीचं.

मग तास आपल्याच शिक्षकांनी घ्यावेत का? इथे मी सावध होते. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेनं बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांमध्ये ‘सेहेर’ हा कार्यक्रम तपासला. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रम एकच होता. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काहींत खास नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या पण व्यावसायिक नसलेल्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत दादागिरी आणि हिंसा कमी झाली, नैराश्य उतरलं, मुलगा-मुलगी समानतेबद्दलची मतं सुधारली. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच हललं नाही. कॅनडात जमलं ते इथे का जमू नये? माझ्या मते शिक्षकावर पोर्शन, पेपर, निवडणुकीची कामं असतात, आणि गुणही तोच देतो. ज्याच्या हातात आपले मार्क आहेत त्याला पासवर्डची गोष्ट कोण सांगेल? गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक मिळतात. तुमच्याकडे असतील तर बदली तासांना पाठवून त्यांचा वेळ घालवू नका.

एक स्वस्त गोष्ट राहून जाते. न्यूयॉर्कच्या 30 शाळांत ‘शिफ्टिंग बाउंडरीज’ हा असाच कार्यक्रम तपासला, तेव्हा नुसत्या वर्गातल्या धड्यांनी फरक पडला नाही. शाळेच्या आवारात केलेल्या बदलांनी पडला. मुलांनी शाळेच्या नकाशावर भीती वाटते त्या जागा रंगवून दाखवल्या आणि मोठ्यांनी तिथे लक्ष ठेवलं. आपल्याकडे जिना, शौचालयामागची गल्ली, बसथांबा हे नकाशावर येतील. एका तासिकेचं काम आहे.

काहीही निवडा, पण पॉक्सोचा मुद्दा आधी मिटवा. अठरा वर्षांखालील मुलांची संमती हा कायदा मानत नाही, आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून समुपदेशकानं पहिल्याच भेटीत, काय गुप्त राहील आणि काय नाही, हे स्पष्ट सांगावं. ऐकून घेतल्यावर मुलीला आधी न सांगता परस्पर कळवलं, तर तिच्या मागची दहा जणी पुन्हा येणार नाहीत.

समुपदेशक असेल तर मी त्यांच्याकडून आठवीला दहा-बारा तास घेईन आणि सोबत नकाशा करीन. नसेल तर ज्यांच्याकडे मुलं आपणहून जातात असे दोन शिक्षक निवडून त्यांना प्रशिक्षण द्या, आणि त्या वर्गाचे मार्क त्यांच्याकडे ठेवू नका. त्या मुलीला मी तेव्हा म्हटलं होतं, “नाही गं, हे चालत नाही. बस, बोलूया.” तेवढ्यात घंटा झाली.