गवती चहाचं तेल काढायचा 20 लिटरचा संच: भांडं छान, पाण्याचे बाण मात्र उलटे

मार्चमध्ये घेतला होता, आता पाऊस सुरू झाल्यावर लिहितेय, म्हणजे तीन महिने नीट वापरून झालाय. आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेने गवती चहा इतका माजतो की चहात घालून घालून किती घालणार, म्हणून तेल काढायचं ठरवलं आणि हा वाफेवर चालणारा स्टीलचा संच मागवला, कुरियरसकट 11,800 रुपये पडले.

भांडं खरंच चांगलं आहे. बूड जाड, झाकणाच्या क्लिपा घट्ट बसतात, सिलिकॉनची रिंग अजून वाफ सोडत नाही, आतली जाळी काढून घासता येते. माझं म्हणणं आहे ते कंडेन्सरबद्दल, आणि तेसुद्धा त्याच्या बनावटीबद्दल नाही, त्यावर चिकटवलेल्या स्टिकरबद्दल.

कंडेन्सर म्हणजे वाफ निववून तिचं पाणी करणारी नळीत नळी. आतल्या नळीतून वाफ वरून खाली येते, बाहेरच्या नळीतून गार पाणी फिरतं. स्टिकरवर पाणी आत जायचा बाण वरच्या तोंडाला आणि बाहेर पडायचा खालच्या तोंडाला, म्हणजे वाफ आणि पाणी दोन्ही एकाच दिशेने, को-करंट. मी बीएस्सी केमिस्ट्री केलेली, लॅबमध्ये लीबिग कंडेन्सरला पाणी खालूनच जोडायचं हे हाताला माहीत होतं (नाव लीबिगचं असलं तरी हा उलट प्रवाहाचा कंडेन्सर वायगेल नावाच्या केमिस्टने 1771 मध्येच मांडला होता), तरी वाटलं बनवणाऱ्याने काहीतरी विचार करूनच बाण लावले असतील, आणि पहिले दोन दिवस तसंच चालवलं.

बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं: ताशी 30 लिटर पाणी, विहिरीचं, 28 अंश. तासाला दीड लिटर अर्क (वाफेचं झालेलं पाणी, त्यातच तेल) येत होता आणि तो बाहेर पडताना 61 अंश, बाटली हातात धरवत नव्हती. घरभर वास सुटला, आणि तो वास म्हणजे माझं तेलच उडून जात होतं ना. पाणी खालून निघून जाऊन नळी अर्धी रिकामी राहत असेल म्हणून बाहेरचा पाइप वर उचलून बांधला, नळी पूर्ण भरली, तरी 61.

शेजारी भट्टीवाले भाई आहेत, काजूचा सीझन चालू असतो तेव्हा फेणी काढतात, त्यांच्याकडे टाकीत कॉइल बसवलीय. ते आले, नळीला हात लावला आणि म्हणाले, "वयनी, उदक सकयल्यान सोड गो, वयल्यान न्हय." (वहिनी, पाणी खालून सोड, वरून नको.) त्यांच्या टाकीतही गार पाणी बुडाशी सोडतात आणि तापलेलं वरून वाहून जातं.

पाइप बदलले, बाकी काहीच नाही, तेवढंच पाणी, तेवढीच आच. अर्क 34 अंश. बाहेर पडणारं पाणी आधी 57 होतं ते 58 झालं. म्हणजे अर्क पाण्यापेक्षा 24 अंशांनी गार! एकाच दिशेने वाहताना हे शक्यच नाही, कारण सुरवातीला एक 100 वर आणि एक 28 वर असलं तरी पुढे एक निवत जातं, दुसरं तापत जातं, आणि शेवटी दोघं जवळ येऊन थांबतात, नळी दहा फुटांची केलीत तरी अर्क त्याच टोकाला बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या खाली उतरणार नाही. उलट दिशेने सोडलं की निघता निघता अर्काला सगळ्यात गार पाणी भेटतं. वाफेचं पाणी होईपर्यंत ती 100 वरच असते, तिथे दिशेने फार बिघडत नाही, खरा फरक नंतर निवण्यात आहे. बांगड्याच्या कल्ल्यातही हेच, पाणी एका दिशेने आणि रक्त उलट, म्हणून पाण्यातला प्राणवायू शेवटपर्यंत ओढला जातो.

मे महिन्यात विहीर तळाला गेली तेव्हा याची किंमत कळली. स्टिकरप्रमाणे जोडून अर्क 40 वर आणायला मला ताशी 90 लिटर सोडावे लागले होते. आता 30 पुरतात आणि ते 58 अंशांचं पाणी पुढच्या घाण्याला भांड्यात ओतते, गॅसही वाचतो. 6 किलो पाल्यातून पहिल्या दिवशी 14 मिली तेल आलं होतं, आता 19 पर्यंत येतं, पण पाला दर वेळी वेगळा असतो त्यामुळे सगळं श्रेय पाइपला देत नाही.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाले मॅडम दोन्ही सारखंच. नाही हो, सारखं नाही. एकाच दिशेचा प्रवाह चुकीचाच असं मी म्हणत नाही, दुधाची पावडर करतात तिथे सगळ्यात गरम हवा सगळ्यात ओल्या थेंबांना भेटावी आणि सुकलेली पावडर करपू नये म्हणून मुद्दाम तसाच ठेवतात. पण इथे तो कामाचा नाही, आणि ज्याने लॅब पाहिली नाही तो बिचारा बाण बघूनच जोडणार आणि विहीर उपसत बसणार.

पाचपैकी चार स्टार, एक स्टिकरचा कापला. घेणार असाल तर जरूर घ्या, आल्याआल्या स्टिकर खरवडून काढा, पाणी खालच्या तोंडाला जोडा, आणि पाइपच्या क्लिपा वेगळ्या आणा, सोबत दिलेल्या क्लिपा दोन महिन्यांत गंजल्या.