शिदोरीचा डबा आणि आठ जणांची भिंत: सहायक प्रशिक्षक बड फॉस्टर यांच्या कामाचं परीक्षण

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हातात चेंडू घेऊन धावायचा किंवा फेकायचा तो खेळ) नाव मुख्य प्रशिक्षकाचं होतं, पण पोरं घडतात ती सहायकाच्या हाताखाली. हे काम कसं करावं ते बघायचं तर व्हर्जिनिया टेकचे बड फॉस्टर बघावेत. १९८७ ते २०१९ असे ३३ हंगाम एकाच कॉलेजात, त्यातले शेवटचे २५ बचावाचे सूत्रधार म्हणून. सहायकांसाठीचा ब्रॉयल्स पुरस्कार त्यांना २००६ मध्ये मिळाला. मुख्य प्रशिक्षक फ्रँक बीमर २०१५ चा हंगाम संपवून निवृत्त झाले, तरी फॉस्टर जागचे हलले नाहीत.

त्यांच्या कामाचं मर्म एका पत्र्याच्या डब्यात आहे. खाणकामगार दुपारची भाकरी नेतो तसला, पोचे आलेला हा डबा १९९५ पासून बचावफळीसोबत फिरला. आत संघाची उद्दिष्टं लिहिलेले कागद. त्या आठवड्यात सर्वांत जास्त राबलेल्या खेळाडूला तो मैदानावर न्यायचा मान मिळे. २००७ च्या एप्रिलमध्ये कॅम्पसवर गोळीबार झाला, त्यानंतरच्या हंगामात बळी पडलेल्या ३२ जणांची नावं याच डब्यात होती. त्यांत मुंबईची एक विद्यार्थिनीही होती.

आता डावपेच. मूळ रचना ४-२-५ : चार लाइनमन (अगदी पुढच्या रांगेतले), दोन लाइनबॅकर (त्यांच्या पाठीमागचे), मागे पाच. या पाचांतले ‘रोव्हर’ आणि ‘व्हिप’ अर्धे सेफ्टी (सर्वांत मागचे राखणदार), अर्धे लाइनबॅकर. समोरचा संघ चेंडू घेऊन धावणार असं दिसलं की दोघं पुढे सरकतात आणि आठ जणांची भिंत उभी राहते. पास आला तर तेच मागे पळतात. म्हणून या जागांना धिप्पाड पोरगा नको, समोरच्याची चाल ओळखणारं वाचन पक्कं असलेला हवा.

सप्टेंबर २०१४ मध्ये व्हर्जिनिया टेकने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर ३५-२१ असं हरवलं तो सामना जरूर बघा. तिथे ‘बेअर’ फ्रंट, म्हणजे पुढच्या रांगेची खास मांडणी, लावली होती. समोरच्या रांगेतला मधला सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड यांच्यासमोर एकेक बचावपटू, त्यामुळे त्यांना दोघं मिळून एकाला अडवताच येत नाही. समोरच्या पाचपैकी चार लाइनमन नवे, क्वार्टरबॅकचा (पास फेकणाऱ्याचा) दुसराच सामना. त्याचे २९ पैकी ९ पास लागले, ३ पळवले गेले. तोच संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला, आणि हंगामात हरला तो एवढा एकच सामना.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो याच धाडसाच्या किमतीपोटी. सगळे पुढे लोटले की मागे राखणदार उरत नाही आणि कॉर्नरबॅक (कडेला पास झेलणाऱ्याला राखणारा) एकटा पडतो. सप्टेंबर २०१८ मध्ये ओल्ड डोमिनियनसारख्या कमी लेखल्या गेलेल्या संघाने ६३२ यार्ड काढून व्हर्जिनिया टेकला ४९-३५ असं हरवलं. बाकावरून आलेल्या क्वार्टरबॅकने एकट्याने ४९५ यार्ड पास केले. बचावातले एडमंड्स बंधू नुकतेच एनएफएल या व्यावसायिक लीगला गेले होते आणि नव्या पोरांचं वाचन तेवढं पिकलेलं नव्हतं. आपल्याकडे कुणी ही रचना शिकवणार असेल तर आधी दोन कॉर्नरबॅक तयार करावेत, बेअरचा विचार नंतर.

त्या पराभवाच्या पुढच्याच वर्षी, फॉस्टर यांच्या अखेरच्या हंगामात, बचावाने सलग दोन सामन्यांत भोपळा दिला : जॉर्जिया टेकवर ४५-०, पिट्सबर्गवर २८-०. दुसरा सामना लेन स्टेडियमवरचा, फॉस्टर यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा.