चार थेंबांत नऊशे रुपये पाण्यात

आमचा ग्रास कटर २०११ सालचा, टू-स्ट्रोक. गणपती झाले की काजूच्या बागेची बेणणी त्याच्यावरच. गेली दोन वर्षं मात्र सुरू करताना दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ यायची. मेस्त्री म्हणाला, पेट्रोलातल्या इथेनॉलने रबरी पाइप मऊ पडलाय आणि कार्बोरेटरचा पडदा कडक झालाय, दोन्ही बदलू. मी म्हटलं, बघू. तिथेच चुकलो.

त्याच आठवड्यात एका कृषी प्रदर्शनात गेलो. एका स्टॉलवर तरणा मुलगा काचेच्या नळीत पेट्रोल दाखवत होता. "काका, ह्यात वीस टक्के इथेनॉल आहे. तेच पाणी ओढतं आणि तुमचं इंजिन खातं." इथपर्यंत खरंच होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं. त्याने नळीत आपल्या बाटलीतलं निळं औषध टाकलं, वर चार थेंब पाणी सोडलं, नळी हलवली. पाणी गायब! "बघा, इथेनॉल मारलं, पाणी संपलं." वर म्हणतो, लिटरला १० मिली घाला, टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं ऑइल, वेगळं नको, ह्यात सगळं आलं. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर. तीन बाटल्या नऊशेला घेतल्या. पावती मागितली तर हसला, "प्रदर्शनात कुठली पावती, काका?"

घरी जूनपासून कॅनमध्ये पडलेलं साधं पेट्रोल होतं. त्यातच औषध घालून टाकी भरली. गडी जेमतेम वीस मिनिटं चालवत होता. आवाज आधी चिरका झाला, मग इंजिन दबलं आणि बंद पडलं. दोरी जागची हलेना.

मेस्त्रीने सायलेन्सर काढून बॅटरीचा उजेड आत मारला आणि मलाच बघायला लावलं. पिस्टनवर नखांनी ओरबाडल्यासारखे उभे चरे होते. टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या ऑइलमधूनच. आमच्या मशीनला लिटरमागे ४० मिली लागतं आणि मी तेच बंद केलं होतं. मग त्याने बाटलीतला एक थेंब माझ्या बोटावर टाकला. बोट गार पडलं आणि क्षणात कोरडं. "ऑइल असतं तर बोट बुळबुळीत राहिलं असतं," एवढंच तो म्हणाला. ब्लॉक-पिस्टन आणि मजुरी धरून ३,४०० गेले.

मग चीड आली ती त्या नळीची. जॅमच्या बाटलीत १०० मिली ताजं पेट्रोल घेतलं, औषध काहीही नाही, आणि होमिओपॅथीच्या ड्रॉपरने चार थेंब पाणी घातलं. हलवलं. गायब! इथेनॉल स्वतःच तेवढं पाणी पोटात घेतं, औषधाचा संबंधच नाही. मग दुसऱ्या बाटलीत पेट्रोल आणि त्याचं औषध घेऊन चमचाभर पाणी ओतलं. तळाला वेगळा थर बसला, आणि घातलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जाड, कारण पाण्याबरोबर इथेनॉलही पेट्रोलातून सुटून खाली आलं होतं. मारलेलं इथेनॉल ते हेच! कोणी असा खेळ दाखवला तर त्याला म्हणा, आधी औषध न घालता करून दाखव.

बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव, पण उत्पादकाचा पत्ता नाही, महिना-साल नाही, एमआरपी नाही. हे सगळं छापणं बंधनकारक असतं. मी घरी चष्मा लावून पाहिलं. मोबाइल नंबर होता, तो लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करायचा तर विकणाऱ्याचं नाव काय सांगणार?

आता लागेल तेवढंच पेट्रोल आणतो, ऑइल मापाने घालतो आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. पाइप आणि पडदाही बदलला. दोन्ही मिळून ४५० रुपये झाले.

उरलेल्या दोन बाटल्या मेस्त्रीने नेल्या. ग्रीसचे हात पुसायला बऱ्या आहेत म्हणतो.