डोळ्याचं रबर पडलं आणि ५०० रुपये बुडाले: जुना डीएसएलआर आणि खिशातला चपटा कॅमेरा, ११ महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकतो. यात कॅमेऱ्यापेक्षा व्ह्यूफाइंडरभोवती, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीभोवती, जे काळं रबर असतं ना, आयकप म्हणतात ते, त्याच्याबद्दलच जास्त लिहिलं आहे. इलाज नाही. त्या रबरानं माझा कापसाचा अख्खा हंगाम खाल्ला.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या काठी. सहा एकर वावर, त्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. फोटोचा नाद जुनाच. मागच्या आषाढात दोन रस्ते समोर होते. मुलीचा कॉलेजातला चपटा कॅमेरा कपाटात पडून होता, त्यात ६५० ची नवी बॅटरी टाकून भागवायचं, नाहीतर नागपूरला बर्डीवर सेकंडहँड डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आरशाचा मोठा कॅमेरा, बघायचा. मी दोन्ही केलं. डीएसएलआर १८-५५ मिलिमीटरच्या लेन्ससकट १४,००० ला पडला. घरी दहा सांगितले.

मोबाइल का नाही, असं विचारणाऱ्यांनी एप्रिलमध्ये बारा वाजता आमच्या धुऱ्यावर उभं राहून मोबाइलच्या स्क्रीनमध्ये काही दिसतं का ते बघावं. तवा दिसतो. चपट्या कॅमेऱ्याचं तेच, त्याला खिडकीच नाही, मागं फक्त स्क्रीन. डीएसएलआर मी घेतलाच त्या खिडकीसाठी. मेगापिक्सेलचं राहू द्या, सेन्सर म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी बघा: याचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, चपट्याचा ६.१७ बाय ४.५५, म्हणजे क्षेत्रफळात जवळपास बारा पट. संध्याकाळी टिनाच्या शेडमधल्या भजनाचे फोटो काढले की फरक दिसतो. चपट्याच्या फोटोत माणसांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखं दिसतं. विषय संपला.

पहिले चार महिने मी डीएसएलआरवर खूश होतो. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे होते, आभाळ भरलेलं, आणि झुलीवरचा आरशांचा एकेक तुकडा वेगळा आला. वावरात रोही, म्हणजे नीलगाय, घुसली तेव्हा बटण दाबलं त्याच क्षणाचा फोटो मिळाला. चपट्यात बटण दाबणं आणि फोटो निघणं यात एवढा वेळ जातो की माझ्याकडं रोहीच्या नुसत्या शेपटीचे तीन फोटो आहेत. खिडकीत ९५ टक्केच चित्र दिसतं, त्यामुळं कडेला कोणाची तरी चप्पल किंवा बादली आगंतुक येते, पण ते चालवून घेतलं.

दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत ते रबर पऱ्हाटीत कुठंतरी पडलं. नुसतं खाचेत बसवलेलं असतं, स्क्रू नाही, काही नाही. चौदा हजाराच्या वस्तूला डोळ्याची जागा अशी टांगलेली. दोन ओळी शोधल्या, मग वेचणाऱ्या बाया हसायला लागल्या म्हणून सोडून दिलं. घरी मंडळी म्हणाली, "काहो, रबर पडलं तं पडलं, कॅमेरा का आंधळा झाला काय?" मलाही तसंच वाटलं. पंधरा दिवसांत उघड्या प्लॅस्टिकनं चष्म्याच्या काचेवर चरा पडला, तेव्हा पहिल्यांदा राग आला. चष्मा काढून बघायची सोय आहे. खिडकीशेजारी बारीक चाक असतं, माझा नंबर उणे दोन, तो त्यात बसतो. पण चष्मा काढून ठेवू कुठं, तुरीवर?

त्याच सुमारास फोटो काळपट यायला लागले. आधी मी दोष कापसाला दिला, आणि तो अर्धा खराही होता. पांढऱ्या ढिगावर कॅमेरा धरला की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो ढीग राखाडी करून टाकतो. त्यावर उपाय सोपा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अधिक एकवर न्यायचं. नेलं. कापूस सुधारला. पण मग हिरवी तूर काळपट, बैल काळपट, दुपारी अंगणात उभी केलेली नातसुद्धा काळपट. सकाळी घरात काढले तर एकदम बरोबर. जे लहानपणी स्टुडिओवाल्यानं शिकवलं ते मी इमानदारीनं पाळत होतो, सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा. जेवढा नीट पाळावा तेवढा फोटो काळा.

माघात नागपूरला दुरुस्तीला गेलो. मंडळीही सोबत आली, तिचं एसटीत अर्धं तिकीट. काउंटरवरच्या पोरानं कॅमेरा आत नेला, वीस मिनिटांनी आला. "काकाजी, मीटरिंगचा, म्हणजे उजेड मोजायचा सेन्सर गेला. बोर्ड बदलावा लागेल. ६,८०० होतील." मी म्हटलं, बिघाड दाखव. त्यानं दुकानातच तीन फोटो काढले, तिन्ही चांगले. मी म्हटलं, मग गेला कुठं सेन्सर? "कधीकधी येतो प्रॉब्लेम." म्हटलं, मग मीही ५०० रुपये कधीकधी देतो. पण तपासणीचे पैसे त्यानं आधीच घेतले होते आणि पावतीवर परत मिळणार नाहीत असं छापलेलं. आयकप आहे का विचारलं तर म्हणे मागवावा लागतो, दहाच्या खाली ऑर्डर घेत नाही. दहा आयकप घेऊन मी काय त्यांची माळ करू? परतीच्या गाडीत जाम गावापर्यंत मी कोणाशी बोललो नाही.

इथं मला माझं मत बदलावं लागलं. डीएसएलआर पेटीत टाकला आणि दीड महिना चपटाच वापरला. तोपर्यंत मी त्याला खेळणं समजत होतो. पण त्याचा उजेडाचा अंदाज एकदाही चुकला नाही. फ्रेम वेडीवाकडी, अंदाजानं धरलेली, पण उजेड बरोबर. आणि दुसरी गोष्ट, माणसं. डीएसएलआर काढला की वावरात लोक हातातलं काम टाकून सरळ उभे राहतात. एकानं तर विचारलं, "पंचनामा आहे काय जी?" गारपिटीनंतर तर मी कॅमेरा घेऊन निघालो की लोक मागून आपापले सातबारे घेऊन येतील अशी भीती वाटायची. चपटा १४० ग्रॅमचा, हातात मावतो, कोणी बघत नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणाऱ्या पोरांचे माझ्याकडचे सगळ्यात चांगले फोटो त्याचेच आहेत, हे मी तेव्हा मान्य केलं नव्हतं, आता करतो.

पण त्याचीही एक खोड आहे, आणि त्यात दोष माझा. तो सदऱ्याच्या खिशात राहतो आणि त्याच खिशात खर्रा, सुपारी-तंबाखूचा. लेन्स आत गेली की समोर दोन पातळ पाती मिटतात. त्या पात्यांच्या फटीत सुपारीचा बारीक चुरा जाऊन बसला आणि एक पातं अर्धंच उघडायला लागलं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात काळी चंद्रकोर. शिवजयंतीच्या मिरवणुकीचे चाळीस फोटो, चाळीसही चंद्रकोरीसकट. लहान ब्रशनं साफ केलं, आता खर्रा डाव्या खिशात आणि कॅमेरा उजव्या. खर्रा सोडा असं सांगणाऱ्यांची संख्या घरात तीन आहे, इथं भर घालू नये.

आता मूळ मुद्दा. एप्रिल लागला, ऊन चढलं, डोक्याला दुपट्टा बांधणं आलं. सहज डीएसएलआर पेटीतून काढला आणि फोटो झकास! मीटर आपोआप बरं झालं? दोन दिवस मी त्या दुकानदाराला शिव्या देत फिरलो. तिसऱ्या दिवशी झाडाखाली दुपट्टा सोडून बसलो होतो, सावलीतून बाहेर येऊन तसाच एक फोटो काढला, काळपट. दुपट्टा डोक्यावरून पुढं कॅमेऱ्यावर ओढला, जुन्या काळचे फोटोवाले काळ्या फडक्यात शिरायचे तसा, आणि परत काढला. चांगला.

मग डोक्यात उजेड पडला. डीएसएलआरमध्ये उजेड मोजणारा डोळा आत वर, खिडकीच्या जवळ असतो. लेन्समधून आलेला उजेड आरशावरून त्याच्याकडं जातो. पण खिडकी उघडी असेल तर मागूनही उजेड आत शिरतो. रबर नाही, चष्म्यामुळं डोळा खिडकीला टेकत नाही, आणि सूर्य मी शहाण्यासारखा नेमका पाठीशी ठेवलेला. कॅमेऱ्याला वाटतं समोर लख्ख उजेड आहे, तो फोटोतला उजेड आवळतो. बटण दाबल्यावर आरसा वर जातो आणि ती वाट बंद होते, म्हणून फोटोत धुकं वगैरे काही दिसत नाही. मोजमाप आधीच चुकलेलं असतं. स्टँडवर लावून फोटो काढणाऱ्यांसाठी काही कंपन्या पट्ट्यावर खिडकी झाकायचं एक रबरी झाकण देतात, ते याचसाठी. माझ्याही पट्ट्यावर ते होतं. मी त्याला शोभेचं समजत होतो. चपटा का चुकत नव्हता तेही कळलं, त्याला खिडकीच नाही, तो सरळ सेन्सरवरच मोजतो. डीएसएलआरही स्क्रीनवर बघून काढला की असाच बरोबर मोजतो, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून मी तो पर्याय कधी वापरलाच नव्हता.

ऑनलाइन १८० रुपयांचा आयकप मागवला तर मोठ्या मॉडेलचा आला. परत पाठवायला हिंगणघाटला जाणं आलं, जाण्यायेण्यात उरलेसुरले पैसे जातात. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, खाचेत बसवला, कडेला पंक्चरचं सोल्यूशन लावलं. मे महिन्यात घामानं डोळ्याभोवती काळं वर्तुळ उमटतं, नात मला एका डोळ्याचं अस्वल म्हणते, पण मापात फरक नाही.

तेव्हा कोणता घ्यावा? दुपारी उन्हात, लांबचं, हलणारं काढायचं असेल तर जुना डीएसएलआरच, ७०० ग्रॅम मानेला लटकले तरी. घरचे कार्यक्रम, पोरंबाळं, बाजार यांना चपटा पुष्कळ झाला, आणि आमच्या घरी आता दहापैकी सात वेळा तोच बाहेर जातो. सेकंडहँड घेताना शटर किती वेळा चाललं ते सगळेच विचारतात. तुम्ही आधी ते रबर बघा. आणि फोटो काळे येतात म्हणून कोणाच्या काउंटरवर जाण्याआधी ऑटोवर एकाच जागेवरून दोन फोटो काढा, एक खिडकीवर अंगठा ठेवून आणि एक उघडा.

मी हे त्या दुकानात फोन करून सांगितलं. पोरगा म्हणाला, बरं झालं काकाजी, कॅमेरा ठीक आहे तर. ५०० चं विचारलं तेव्हा आवाज कटत होता म्हणे.