अपडेटनंतर कॉम्प्युटर बिघडला: अपडेट काढावं, रिस्टोअर करावं की सरळ रीसेट?

काल रात्री अपडेट झालं आणि सकाळपासून आवाज गायब, नाहीतर प्रिंटर रुसलेला, नाहीतर निळी स्क्रीन. अशा वेळी ओळखीतलं कोणीतरी हमखास म्हणतं, 'फॉरमॅट मारून टाक.' तो सल्ला तूर्त बाजूला ठेवा. विंडोजमध्ये त्याआधीचे पाच मार्ग आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी आहे.

एकच वस्तू बिघडली असेल, म्हणजे आवाज, वायफाय किंवा ग्राफिक्स, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे ती वस्तू चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' असतं. माझ्या लॅपटॉपचा आवाज गेला होता तेव्हा हे दोन मिनिटांत जमलं. बटण पुसट दिसत असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग नादी लागू नका.

बिघाड अपडेटच्याच दिवशी सुरू झाला असेल तर ते अपडेट काढणं मला सगळ्यात पटतं. सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, अनइन्स्टॉल अपडेट्स. फाइल्स आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात. तोटा असा की त्याच्यासोबत आलेली सुरक्षेची दुरुस्तीही जाते. शिवाय अपडेट पॉझ केलं नाही, तर तेच पुन्हा येऊन बसतं.

सिस्टिम रिस्टोअर विंडोजला आधी जपून ठेवलेल्या स्थितीत, म्हणजे रिस्टोअर पॉइंटवर, परत नेतं. त्याचं जाळं मोठं. नेमकं काय बिघडलंय ते कळत नसेल तेव्हा ते बरं. तुमच्या फाइल्सना ते हात लावत नाही, पण रिस्टोअर पॉइंटनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर उडतात. खरी गोची अशी की ते अनेक मशीनवर चालूच नसतं, आणि हे कळतं ते नेमकं गरज पडल्यावर.

विंडोजची अख्खी आवृत्तीच बदलली असेल तर मागच्या आवृत्तीवर परत नेणारं 'गो बॅक' बघा. त्याची मुदत साधारण १० दिवस. जागा मोकळी करायच्या नादात विंडोज डॉट ओल्ड हे जुन्या आवृत्तीचं फोल्डर पुसलं असेल तर तोही मार्ग बंद.

रीसेट, म्हणजे विंडोज नव्यानं बसवणं, सर्वात शेवटी. 'कीप माय फाइल्स' वाचून लोकांना वाटतं की सगळं राहील. राहतात त्या फाइल्स. तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात. मी एकदा घाईनं हे केलं. प्रोग्रॅमच्या जागी, काढून टाकलेल्यांची यादी असलेली एक फाइल तेवढी डेस्कटॉपवर मिळाली, आणि पुढचे दोन दिवस त्या यादीवर टिक करण्यात गेले. एका प्रोग्रॅमची लायसन्स की तर शेवटपर्यंत सापडली नाही.

मशीन सुरूच होत नसेल तर? विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीची स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. क्वालिटी अपडेट म्हणजे नेहमीचं मासिक, फीचर अपडेट म्हणजे नवी आवृत्ती. शक्यतो पहिलं काढून बघा. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती साठवलेली असेल तर मोबाइलवरून बघता येते, म्हणून पासवर्ड आधी आठवून ठेवा.

आणि दोष विंडोजचाच असेल असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकवली. ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं गेलं, पण जी मशीन सुरूच होत नव्हती त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? त्यांतल्या कित्येकांपुढे बसून, सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करून) जाऊन एक फाइल हातानं पुसावी लागली. तिथे विंडोजचं अपडेट काढून काहीच साधलं नसतं. त्यामुळे अँटीव्हायरस किंवा तत्सम काही त्याच दिवशी अपडेट झालंय का, हे आधी बघा.

माझा क्रम असा: महत्त्वाच्या फाइल्सची कॉपी, मग ड्रायव्हर, मग अपडेट काढणं, मग रिस्टोअर. विंडोज ११ मध्ये पॉझ पाच आठवड्यांपर्यंत ठेवता येतो. तेवढ्यात दुरुस्त अपडेट आलं तर रीसेटची वेळच येत नाही.